रक्ताची रेघ

समोर कोणीही आलं तरी डॉक्टर नमस्काराच्या आधी अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढून बघत. एकदा खोपोलीच्या स्टँडवर चहावाल्याचीच ओढली. "पांढरीफटक! आधी स्वतः काही खा, मग लोकांना पाज." तो बिचारा किटली धरून तसाच उभा.

ऐंशीनंतरची ती वर्षं. आमच्या छोट्या रुग्णालयात देणगीतून डायलिसिसचं यंत्र आलं होतं. मी प्रयोगशाळेत रक्त तपासायचो. मूत्रपिंडं निकामी झाली की अंगात रक्त नीट तयार होत नाही. तेव्हा त्यावर लोहाची इंजेक्शनं आणि बाहेरून आणलेलं रक्त, एवढाच इलाज. मी हिमोग्लोबिनचा आकडा द्यायचो आणि डॉक्टर आलेखाच्या कागदावर ठिपका देऊन रेघ पुढे ओढायचे. प्रत्येकाचा कागद त्याच्या खाटेच्या वर, भिंतीला टाचलेला.

तुम्ही म्हणाल, चांगलीच पद्धत. होतीच. एकदा सगळ्यांच्याच रेघा उतरल्या, तेव्हा यंत्राच्या नळ्यांत रक्त उरून वाया जातंय हे त्यांनीच पकडलं. पण तीच रेघ ते रोग्याच्या तोंडावर मारत. "बघ, गटारात चाललीय तुझी," असं सगळ्यांदेखत. रोगीही मग शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांचे कागद बघत. "तुजी चढली गं बाय! गूळ खाल्लास काय?"

हिराबाईंची रेघ चढायची आणि लगेच कोसळायची. त्या कर्जतकडच्या, घरी भातशेती. नवऱ्यानं स्वतःचं रक्त दिलं, तेही टिकलं नाही. शेजारच्या खाटेवर कारखान्यातला एक तरुण फिटर असायचा. दोघांचा रक्तगट एकच. एकदा दोघंही फार खाली आले आणि मुंबईहून बाटली आली एकच.

डॉक्टरांनी दोन्ही कागद पाहिले आणि बाटली फिटरला लावायला सांगितली.

"आनि मला?" हिराबाईंनी विचारलं.

"तुझ्यात टिकत नाही. वाया जाईल."

मी हळूच म्हटलं, "डॉक्टर, बाहेर बोलू या."

"बाहेर कशाला? तिला कळायला नको?"

हिराबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. दुसरी बाटली यायच्या आत त्या गेल्या.

पुढे यंत्र बंद पडलं आणि डॉक्टरही गाव सोडून गेले. निरोपाला कोणी आलं नाही. आता ते आहेत की नाहीत, ठाऊक नाही. मला ते दिसतात ते हिराबाईंचा नवरा आला त्या दुपारचे.

बायकोची चादर-भांडी न्यायला आला होता तो. भिंतीवरच्या कागदाकडे बघून म्हणाला, "ह्ये काय हाय?" डॉक्टरांनी समजावून सांगितलं, नेहमीसारखं, काही न गाळता. त्यानं सगळ्यात उंच टोकावर बोट ठेवलं.

"ह्ये माज्या रक्तानं चढलं?"

"हो."

"मंग आनखी एक बाटली नव्हती काय?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. नव्हती म्हणायला त्यांचं काय जात होतं!

"होती," डॉक्टर म्हणाले. "याला दिली."

फिटरनं डोळे मिटून घेतले. नवऱ्यानं त्याच्याकडे बघितलं. मग खाटेपाशी गेला, वाकला.

"बरा हायस ना रं?"

फिटरनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"बरा आहे," डॉक्टर म्हणाले. "चढतोय."