साडूंच्या सिनेमातली म्हातारी

कीर्तन न ठेवता आमची अख्खी मांडवी आळी भरदुपारी झोपवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडूंचा धंदा केबलचा. रविवारी दुपारी बाकीचे केबलवाले हाणामारीचे सिनेमे लावत. आमचे साडू परदेशी, संथ, कलात्मक सिनेमे लावत. त्यातलं माणूस एकदा खिडकीशी उभं राहिलं की आपला चहा पिऊन कप विसळून झाला तरी तिथेच! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हादरलोच. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला, "अहो, चित्र अडकलंय!" साडू शांतपणे म्हणाले, "अडकलेलं नाय. ती विचार करत्ये. तुम्हीपण करा."

वाद घालायची सोय नव्हती. "जेटीवर बसून तासन् तास भरती बघता ना? तिथे काय मारामारी असते?" असं विचारून ते समोरच्याला गप्प करत. त्यांचा सर्वांत लाडका सिनेमा एका म्हातारीचा. बर्फातल्या गावात ती बटाटे सोलत मुलाची वाट बघते, आणि तो काही येत नाही. "आला असता तर बाजारू झाला असता सिनेमा," हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की न बघताच मला तो पाठ होता. गिऱ्हाइकं मात्र भराभर तुटू लागली. शेवटी माझी मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, कडाडली, "आजच्यानंतर ती म्हातारी दिसली तर मी माहेरी जात्ये गुहागरला!"

त्या रविवारी मी तिथेच जेवायला होतो. म्हातारीने बटाटे सोलले, दाराशी खुडखुड झाली, ती उठली, आणि वीज गेली. आळी सुटली एकदाची, असं मला वाटलं. पण पटापट दारं उघडली आणि माणसं साडूंच्या अंगणात येऊन ओरडू लागली. मी थक्क! सगळे चक्क जागे होते, बघत होते. सर्वांत पुढे शेजारच्या काकू. आजवर साडूंना सर्वांत जास्त शिव्या त्यांनीच घातलेल्या. त्यांचा मुलगा मुंबईला, गणपतीलासुद्धा न फिरकणारा.

"काय वो, दाराशी कोण होता? मुलगा आला ना तिचा?"

साडू जिंकले होते. आता व्याख्यान होणार म्हणून मी सावरून बसलो. त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आला हो. जेवायला बसलाय."

माझा कानांवर विश्वास बसेना. काकू डोळे पुसत, "बरं झालं बाय," म्हणत घरी गेल्या. त्या क्षणी मला साडू फार आवडले.

मेहुणीला माहेरी जावं लागलं नाही. तो सिनेमा साडूंनी पुन्हा लावलाच नाही. "आमचा शेवट बघायचा राहिला, लावा की एकदा," काकू वर्षानुवर्षं म्हणत राहिल्या, आणि साडू डिस्क हरवल्याचं सांगत राहिले. ती त्यांच्या कपाटात, धोतराच्या घडीखाली असायची.