सरळ माणसाचा बँडसॉ

आमचे हे, म्हणजे नरहरराव, रेल्वेत रुळांचे इंजिनिअर होते. दोन रूळ एकमेकांच्या जवळ येता कामा नयेत आणि लांबही जाता कामा नयेत, एवढंच त्यांनी जन्मभर पाहिलं. नोकरी संपली, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की आधी ते सरळ करणार, मग तारीख बघणार. मी चौथी शिकलेली, त्यामुळे मला भूमिती कळत नाही असं त्यांचं मत आहे. माझ्या पोळ्या मात्र गोल होतात.

आमच्या लखनौजवळ, चिनहटला, एक फर्निचरचा कारखाना बंद पडला. तिथला जुना बँडसॉ टेम्पोत घालून हे घरी घेऊन आले. बँडसॉ म्हणजे लाकूड कापायचं उभं यंत्र. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून दातेरी पातं गोल फिरतं, शिवणयंत्राचा पट्टा फिरतो तसं.

"हे धूड कशाला?" मी विचारलं.

"अनघाच्या लग्नाला," म्हणाले.

अनघा आमची नात, हजरतगंजला नोकरी करते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. नवरा मुलगा अनुप इथलाच, लखनौचा. लग्न आपल्या पद्धतीनं व्हायचं होतं, म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या अलीकडे-पलीकडे दोघांनी पाटावर उभं राहायचं. इथे पाट म्हटलं की मांडव घालणारा टेंटवाला लाल मखमलीचं स्टूल दाखवतो. म्हणून ह्यांनी बैठकीतच, अनुपच्या आईवडिलांच्या देखत, सांगून टाकलं की दोन्ही पाट मी करणार, आणि एकाच फळीतून करणार.

"पक्का, आजोबा?" अनघा म्हणाली. "फिर मैं उसी पे खड़ी होऊँगी, और किसी पे नहीं."

झालं. आता माघार नाही.

मलिहाबादच्या एका बागेत वादळानं पडलेल्या दशहरी आंब्याच्या झाडाच्या जाड, वाळलेल्या फळ्या मिळाल्या. एकेक फळी उभी धरायची आणि मधोमध फाडायची, की दोन सारखे पाट. इतकं सोपं आहे, असं ह्यांचं म्हणणं.

आधी तर पातं चाकावर टिकेचना. यंत्र सुरू केलं की घसरून खाली. चाकांवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. नवं रबर आणून चिकटवलं. मग वरच्या चाकाचा स्क्रू जरा जरा पिळत, हातानं चाक फिरवून बघत, पातं मधोमध चालायला लावलं. मग ते थरथरायला लागलं, म्हणून ताण वाढवला. पात्याच्या दोन्ही अंगांना त्याला आवरायचे ठोकळे असतात, ते मध्ये कागद मावेल एवढी फट ठेवून घट्ट केले. हे सगळं त्यांना छान जमलं, खोटं कशाला बोलू. गॅरेजमधून गुणगुणणं ऐकू यायचं.

मग लाकूड घातलं, आणि गुणगुणणं थांबलं.

यंत्राच्या टेबलावर एक लोखंडी आड असते, तिला टेकवून फळी पुढे सरकवायची. ह्यांनी ती आड काटकोन तपासायचा गुण्या लावून, टेबलाच्या कडेशी रुळासारखी समांतर बसवली. फळी आडीला धरून सरळ गेली. पातं मात्र आतल्या आत आपल्या वाटेनं गेलं. निघालेला तुकडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पापडासारखा. पुन्हा मोजलं, पुन्हा समांतर लावलं, पुन्हा तेच. आता आमच्या घरातल्या प्रत्येक दाराला आंब्याच्या लाकडाची पाचर आहे. कितीही वारा सुटला तरी एक दार आपटत नाही.

"ह्या पाटावर अनुप उभा राहिला तर मुंडावळ्या एका कानावर येतील," मी म्हटलं.

"पात्यात खोट आहे."

नवं पातं आणलं. ते दुसऱ्या बाजूला गेलं.

अनघानं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गोरा माणूस सांगत होता की प्रत्येक पात्याची थोडी इकडे नाहीतर तिकडे जायची ओढ असते, ती बघा आणि आड तेवढी तिरकी करा.

"आड वाकडी लावायची?" हे म्हणाले. "ह्याला नोकरीत कोण ठेवून घेतं?"

"उसका चैनल है आजोबा, नौकरी नहीं."

शेवटची एकच फळी उरली. लग्न तोंडावर आलं. टेंटवाल्याचा फोन आला, स्टूल भेज दूँ माताजी? मी म्हटलं, "रुको भैया, अभी एक फळी बाकी है." त्याला काय कळलं देव जाणे.

त्या दिवशी अनघानं एक वाया गेलेला तुकडा उचलला, त्यावर पेन्सिलीनं रेघ मारली आणि आड बाजूला काढून नुसत्या हातानं रेघेवरून कापत गेली. हे मागे उभे.

"तू वाकडं धरलंयस."

"हाँ. पर कट तो सीधा हो रहा है."

कापलं होतं खरंच सरळ. ह्यांनी गुण्या लावला, उलटा करून लावला, चष्मा पुसून लावला. मग घरात येऊन बसले. चहा पुढे ठेवला तर त्यावर साय धरली. इतकी वर्षं संसार केला, मला कळतं. त्यांना पाट होत नाही ह्याचं दुःख नव्हतं, आड वाकडी केली की होईल ह्याचं होतं.

"अनघाला आत बोलावू का?" मी म्हटलं. "मखमलीवर उभी राहा म्हणून सांगते."

उठले. गॅरेजमध्ये जाऊन आडीचा बोल्ट सैल केला, अनघानं तुकडा जसा तिरका धरला होता तशी आड तिरकी केली आणि तोंड फिरवून बोल्ट आवळला, लहान मूल कडू औषध घेतं तसा. शेवटची फळी लावली. अनघानं पलीकडून धरली. मी दारात उभी राहिले, पदर नाकाला लावून, भुशाच्या नावाखाली.

फळी दोन झाली. ह्यांनी चारी कोपरे मोजले. दोन्ही सारख्या.

"आड वाकडी नाही हं," मला म्हणाले. "टेबलाकडून बघितलं तर वाटते. पात्याकडून बघ, सरळ आहे."

"असेल. आमच्या माहेरी ह्याला वाकडी म्हणतात."

"तुमच्या माहेरी रेल्वे नाही."

मुहूर्ताला दोघं त्याच पाटांवर उभे राहिले. मुंडावळ्या जागच्या जागी होत्या. सगळे नवरानवरीकडे बघत अक्षता टाकत होते. हे मात्र अंतरपाटाखालून वाकून पाट डुगडुगतात का ते बघत टाकत होते, त्यामुळे त्यांच्या बहुतेक अक्षता विहीणबाईंच्या चपलांवर पडल्या.