धूर न सोडणारा ट्रॅक्टर

नवी मुंबईत महाप्याच्या एका छोट्या कारखान्यात मी इंजिनीअर होते. तिथे बाई मी एकटीच. आम्ही गोदामांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या बनवायचो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मालकांनी मला विमानतळावर पाठवलं, सामानाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर बघायला.

ते टर्मिनलच्या तळघरात होते. सगळे डिझेलचे, आणि उभे असतानाही चालूच ठेवलेले. बंद केले तर लवकर सुरू होत नसत. पाच मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले. एका वयस्कर लोडरने रुमाल उलगडून दाखवला. काळाकुट्ट.

"सकाळी धुतलेला आणलाय, ताई."

मी तडक तिथल्या साहेबांकडे गेले. "बॅटरीवर?" ते हसले. "आणून तर दाखवा."

तीन महिन्यांनी आणला. सपाट जागेवर छान धावला. पण तळघरातून वर येणाऱ्या चढावर चार भरलेल्या ट्रॉल्यांसकट अर्ध्यातच अडकला. मागे सामान तुंबलं, माणसं ओरडायला लागली. शेवटी डिझेलच्या ट्रॅक्टरनेच आमचा ओढून काढला.

"मॅडम, खेळणं आहे हे," साहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी ट्रॅक्टर टेम्पोत घालून कारखान्यात परत आणला. दुसऱ्या दिवशी आमचा शिरवणे गावचा फिटर ट्रॅक्टरखाली शिरला आणि हात पुसत बाहेर आला.

"मोटर चांगली हाय, मॅडम. पन तुमी तिला पलवायला बगता. तिचं काम खेचायचं हाय."

खरं होतं. वेगाच्या हौसेपायी मी गिअरच चुकीचे निवडले होते. ते बदलले; वेग निम्म्यावर आला. शुक्रवारी आमच्या भागातल्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी, रस्ते मोकळे. सलग पाच शुक्रवार आम्ही दोघं ट्रॉल्यांवर वाळूची पोती लादून डोंगराकडचा चढ चढत राहिलो.

साहेब फोनवर येईनात. मी दोन दिवस त्यांच्या केबिनबाहेर बसले.

"पुन्हा तेच?"

"चढ तोच, साहेब. पण या वेळी सहा ट्रॉल्या लावा."

ट्रॅक्टर चढला. हळू, पण न थांबता. आवाजच नव्हता, म्हणून एकाने विचारलंसुद्धा, "चालू आहे ना?"

साहेबांनी तो ठेवून घेतला आणि तसाच आणखी एक बनवून घेतला. बाकीचे डिझेलचेच राहिले. आता अडचण चार्जिंगची. तळघरात तसा पॉइंटच नव्हता.

"पुढच्या महिन्यात बघू," साहेब म्हणाले.

"मी थांबते," मी म्हटलं आणि तिथेच खुर्ची ओढून बसले.

संध्याकाळी वायरमन आला. त्याने भिंतीवर बोर्ड बसवला. मी स्वतः प्लग लावून बघितला, मगच वाशीची बस पकडली.