घोरपड आणि वजनकाटा

घोरपडीच्या हाती चढाईवाल्याचा घोटा एकदा लागला की सुटत नसे. अंगावर दोघंतिघं पडोत, तोंडात माती जावो, शिट्टी वाजेपर्यंत पठ्ठ्या पकड सोडायचा नाही. साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या गावात मी कबड्डी शिकवायचो आणि हा माझा डावा कोपरा. त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं.

खेळाडू पारखताना मी दोन गोष्टी बघतो. अंगात किती आहे, आणि ते बाहेर काढायची तयारी किती आहे. बहुतेकांत एक असते तर दुसरी नसते. घोरपडीत दोन्ही होत्या. दिवसभर बापाबरोबर सोयाबीन सोंगून आलेला हा पोरगा संध्याकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर पाणी मारत असायचा. मी "पुरे आता" म्हटलं की त्याचं ठरलेलं, "सर, अजून एक पकड होऊ द्या ना. रग जिरली नाही अजून." तसा पोरगा मला पुन्हा मिळाला नाही.

खोड एकच. त्याला कोणाला नाही म्हणता यायचं नाही. कोणाचं पोतं उचलून दे, कोणाची हरवलेली शेळी शोधून आण, याचं आपलं चालूच.

चिखलीला जिल्ह्याची निवड चाचणी होती. वजनगटात तो अगदी काठावर, म्हणून आठवडाभर त्यानं रात्रीचं जेवण सोडलं होतं. पण मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला आमच्या गावात कोणी रिकाम्या पोटी जाऊ देत नाही. मी पुढे गेलो होतो, नाहीतर एकेकीच्या हातातलं ताट काढून घेतलं असतं. आईनं पुरणपोळी वाढली. शेजारच्या शिंपीणचाचींनी शेवयांची खीर आणली. "चाची, तिकडं वजन करायचं हाये," असं तो बोलला म्हणे. "खाल्ल्याबिगर ताकद कुठून येईन रे लेकरा?" म्हणत त्यांनी वाटी पुन्हा भरली.

काट्यावर वजन जरासंच जास्त भरलं. स्वेटर घालून भर उन्हात तो मैदानाला चकरा मारत राहिला, घामानं निथळला, पण काटा काही हलेना. मी पंचांच्या हातापाया पडलो. एकही पकड न करता पोरगा बाहेर बसला, आणि पुढच्या वर्षी वयात बसला नाही.

परतीच्या एसटीत माझा संताप अनावर झाला. "काऊन नाही म्हणत नाहीस बे तू? आता गावाले काय सांगशील?"

"सर, वजनाचं नका सांगू कोणाले. चाची रडन. माय तर जेवणार नाही. मीच कमी पडलो म्हणा."

आता तो देऊळगाव राजाकडे जीप चालवतो. त्याच्या गुणांचं काय झालं असतं, या विचारानं आजही जीव तुटतो. गावात गेलो की चाची मला थांबवतात.

"आम्ही खाऊपिऊ घालण्यात काही कमी केलं नाही, सर. पोट्टाच मेहनतीत कमी पडला."

मी हो म्हणतो.