गाळलेला मामा

ठाण्यापासून कल्याणपर्यंत रोज जेवढा म्हणून राग वापरला जातो, तो सगळा कोपरीत माझ्या वर्गमैत्रिणीच्या आत्याच्या घरी तयार होतो, असं माझं ठाम मत आहे. आत्या स्वतःच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर राहते आणि चारही मजले पायी चढते, कारण लिफ्टमधला बाईचा आवाज तिला ‘कृपया दरवाजा बंद करा’ असं शिकवतो. फोन उचलला की ‘जिती हाय मी, बोल’ म्हणते. तिच्या दारात मी काढलेल्या वाकड्या चपला पाहून तिने माझ्या आईची चौकशी केली होती, आणि ती काळजीची नव्हती.

तरी तिच्याकडे जाणं भाग होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्हा तिघांना एका स्पर्धेसाठी लोकगीतावर अ‍ॅनिमेशन फिल्म करायची होती, आणि आत्या जुनी धवलारीण, म्हणजे आगरी लग्नांत धवले ही गाणी गाऊन विधी लावणारी. मैत्रीण चित्रं काढणार, तिसरा मित्र ती हलवणार आणि एडिटिंगची कापाकापी माझ्याकडे, कारण मला दुसरं काहीच येत नव्हतं. आत्या हळदीचं गाणं गात असताना मी मध्येच ‘अजून एक टेक घेऊया’ म्हणालो. ‘एकदा लागलेली हलद परत लावतात काय रं?’ असं म्हणून तिने मला गॅलरीत उभं केलं. उरलेलं रेकॉर्डिंग मी काचेतून पाहिलं.

गाणं अकरा मिनिटांचं भरलं आणि स्पर्धेची अट तीन मिनिटांची. डोंबिवलीला घरी बसून ऐकलं, तर ओळ तीच, फक्त हळद लावणारं नातं बदलत जातं: आई, बाप, काका, मावशी, मामा. म्हटलं, हे तर रिपीट आहे. आईबाप ठेवले, बाकी गणगोत उडवलं आणि स्वतःवर इतका खूश झालो, की तो तुकडा आत्यालाच दाखवायला घेऊन गेलो.

ती शेवटपर्यंत बोटांवर नाती मोजत बसली. तेव्हाच पळायला हवं होतं.

‘मामा कुठं हाय?’

‘आत्या, वेळ पुरत नव्हता.’

मैत्रीण माझ्या कानाशी लागली. ‘अरे, माझे थोरले काका आणि आत्या बोलत नाहीत. जमीन विकली तेव्हापासून. तिच्या मुलांचे मामा तेच.’

आत्याने ते ऐकलं. एरवी खालच्या वॉचमनला ऐकू जाईल असं बोलणारी ती बाई हळू बोलायला लागली.

‘वीस वर्सं मी त्याचं तोंड बगितलं नाय. पन माझ्या दोन्ही पोरांच्या हलदीला तो आला नाय, तरी त्याचं नाव मी गायले. भांडन माझं हाय. गान्यातून त्याला काढनारा तू कोन? सगली घाल, नायतर माझा आवाज काढून टाक.’

पुढचे पाच आठवडे आम्ही उडवलेल्या गणगोताची चित्रं काढत बसलो. अकरा मिनिटांची फिल्म स्पर्धेला गेलीच नाही. तिसरा मित्र अजून माझ्याशी तोंड वाकडं करून बोलतो. आत्याने फिल्म पाहिली, मावशीचं लुगडं चुकीचं नेसवलंय म्हणून आम्हाला सोलून काढलं आणि मी निघताना पाठीमागून म्हणाली, ‘त्याच्या फोनवर धाड. माझं नाव नको सांगू.’

आवाज तिचा, नाव कशाला सांगायला हवं? मैत्रिणीकडून थोरल्या काकांचा नंबर घेऊन मी फिल्म धाडली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. चार दिवसांनी आत्याचा फोन आला. आधी पाच मिनिटं तिने मला कारण नसताना झापलं, मग भावाचं विचारलं. मी म्हटलं, बघितलीय त्यांनी, पण काहीच बोलले नाहीत.

‘येडा हायस,’ ती म्हणाली. ‘त्या गान्यात मामा कदी बोलतो काय? हलद लावतो, अन् मागं जाऊन बसतो.’

एवढं बोलून एरवी ती फोन आपटते. त्या दिवशी फोन चालूच ठेवून ती मामाची ओळ गुणगुणायला लागली.