धाकट्या जावेची वेबसाइट

माझी वेबसाइट आधी आली, हे पहिल्यांदा सांगून टाकते. सोलापुरी स्वयंपाकावर आमच्या घरात लिहायला सुरुवात केली ती मी. धाकट्या जावेनं नंतर. लोकांना आता हे आठवत नाही, म्हणून मला ते सारखं सांगावं लागतं, आणि सांगताना माझा आवाज चढतो.

माझी साइट मी शहरातल्या एका वेबसाइटवाल्याकडून चांगले पैसे मोजून करून घेतली होती. उघडली की आधी सनई, मग वरून पडणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या, मग सरकत जाणारे फोटो. फोटो नवऱ्याच्या मोठ्या कॅमेऱ्यातले, आहेत तसेच चढवलेले. वेबसाइटवाला म्हणाला होता, "मॅडम, जरा लहान करून टाकू या, साइट जड होईल." मी म्हटलं, जड तर जड. शेंगाचटणीतलं सुटलेलं तेल दिसलं पाहिजे. पाहुण्यांना वाढताना आपण कधी हात आखडता घेतो का? त्यानं मान डोलावली आणि मी म्हणेन ते सगळं घातलं.

जाऊ मंद्रूपला असते. दीर शेती बघतात. ती शेतातलं बघून शिवणकामही करते. दिरांनी आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर, व्हिडिओ बघत बघत, तिनं स्वतःच साइट उभी केली. साइटच्या नावासाठी वर्षाला भरायचे थोडे पैसे सोडले तर सगळं फुकटात बसवलं. पांढरं पान, काळी अक्षरं, वर साहित्य, खाली कृती, आणि एकच फोटो, तोही नखाएवढा. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसले होते. "अगं, ही वेबसाइट आहे का किराण्याची यादी?" असं तिला तोंडावर म्हटलं.

ती चिडली नाही. तिचं हेच मला आवडत नाही.

"अक्का, आमच्या हितं रेंजच न्हाय की," ती म्हणाली. "गच्चीवर गेलं तर दोन काड्या येत्यात. बाईचा एक हात पिठात असतोय, दुसऱ्यात फोन. तिला पाकळ्या कशाला पायजेत? पान पटकन उगडलं म्हंजे झालं."

नवं पान तयार झालं की ती ते शेजारच्या म्हातारीच्या तडकलेल्या फोनवर उघडून बघायची. तिथं अडकलं तर फोटो आणखी बारीक करायची, आणखी काहीतरी काढून टाकायची. एवढी खटपट मी कशासाठीच केली नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

वर्षभरात ती माझ्या पुढं गेली. कुंभारीला एका डोहाळजेवणाला गेले होते. वाढणारी बाई ताटासमोर थांबली आणि म्हणाली, "तुमी त्या मंद्रूपच्या वेबसाइटवाल्या ताईंच्या जाऊबाई न्हवं?" मी हो म्हटलं. जळले मी, सरळ सांगते. जेवून हात धुवेपर्यंत मनातल्या मनात त्या बाईशी भांडत होते.

घरी येऊन एक वेडेपणा केला, आणि मग त्याची सवयच लागली. दोन फोन शेजारी ठेवायचे, एकावर माझी साइट उघडायची, एकावर तिची, आणि आकडे मोजायचे. तिची एक म्हणेपर्यंत यायची. माझी वीस झाले तरी गोल गोल फिरत असायची, सनई तेवढी सुरू. नवरा विचारायचा, "काय मोजतेस?" मी म्हणायचे, "काही नाही." तिनं आत काय लिहिलंय ते मात्र कधी वाचलं नाही. उघडायची, जळायचं, बंद करायची.

एकदा तिचाच फोन आला. "अक्का, तुमचे फोटो मी बारीक करून देऊ का? एका दुपारचं काम हाय. मला तुमची शेंगापोळी वाचायची हाय, पण हितं नुसतं फिरतच ऱ्हातंय." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ही मला शिकवणार? "माझं मी बघेन, तू तुझं सांभाळ," असं म्हणून मी फोन ठेवला.

आता शेंगापोळीचं सांगते. ती लग्न होऊन आली, त्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी तिला माझ्या हाताखाली शिकायला बसवलं. आमच्याकडं बायका कृती देतात, पण हातचं एक राखून देतात. विचारलं तर कुणी कबूल करणार नाही. मी तिला दाण्याचं कूट, गूळ, तीळ, वेलची, सगळं दाखवलं. तेलात खमंग भाजलेलं बेसन दाखवलं नाही. ते ती यायच्या आधीच कुटात कालवून ठेवलं होतं. मूठभर बेसनानं गूळ धरून राहतो. ते नसलं की पोळी तव्यावर फुटते आणि गूळ करपतो. माझ्या साइटवर मात्र मी बेसन लिहिलं, कारण तिथं नाव माझं होतं.

या संक्रांतीला माझ्या मुलीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. नोकरीतली पहिलीच संक्रांत, ऑफिसात न्यायला शेंगापोळ्या करायच्या होत्या. तवा काळाकुट्ट, गुळाचा धूर, तोंड रडवेलं.

"आई, पाचवी फुटली."

"बेसन घातलंस का?"

"बेसन कुठं लिहिलंय?"

"माझ्या साइटवर लिहिलंय की."

तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "आई, तुझी साइट उघडेपर्यंत कणीक वाळते गं. मी काकूचंच बघून करते. नेहमीच."

नेहमीच. माझ्या पोटची पोर. मी तिला बेसनाचं सांगितलं, फोन ठेवला आणि तणतणत जावेचं पान उघडलं. एक म्हणेपर्यंत आलं. या वेळी मी ते शेवटपर्यंत वाचलं. कृतीच्या खाली तिनं लिहिलं होतं, "ही पोळी मला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी शिकवली. त्यांची कधीच फुटत नाही. माझी फुटते. तुमची फुटली तर वाईट वाटून घेऊ नका."

मी तिला फोन लावला आणि बेसनाचं सांगितलं.

"व्हय का," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्या हातातच खोट हाय."

अकरा संक्रांती ती हे असं समजत होती. आता तरी खरं बोलावं, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"त्या वेळी सांगायचं राहूनच गेलं बघ," मी म्हणाले.

"असू द्या की अक्का," ती म्हणाली. "सणाच्या घाईत हुतंय असं."