सुधीरचं लाल कुलूप

किन्हवलीतल्या ज्या छोट्या वाचनालयात मी काम करते, तिथे भुताखेतांच्या पुस्तकांचं कपाट सगळ्यात जास्त उघडलं जातं. मी ती पुस्तकं वर्षानुवर्षं देते-घेते, फाटली की शिवते, पण त्यातलं एकही कधी वाचायला घरी नेलं नाही. भीती वाटते म्हणून नाही – पटतच नाही म्हणून. माणूस गेला की गेला, असं मानणारी मी. आजही बहुतेक तसंच मानते. त्यामुळे हे तुमच्यासमोर मांडताना मला जरा अवघडल्यासारखं होतंय. सावकाश लिहिते, सांभाळून घ्या.

माझा नवरा सुधीर मुरबाडला एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. गेल्या थंडीत तो गेला. कामावर नाही – घरी, चहा पिता पिता, हार्ट अटॅकने. हेल्मेट घाला, पट्टा बांधा, म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे लागणारा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

त्याच्या कामातला एक नियम आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दुरुस्तीसाठी मशीनच्या आत उतरायचं असेल तर परमिट काढायचं, वीज बंद करायची आणि त्या स्विचला कुलूप घालायचं, म्हणजे माणूस आत असताना कुणी चुकून मशीन चालू करणार नाही. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्याच खिशात. पाच जण आत गेले तर स्विचवर पाच कुलपं. बाहेर आलं की ज्याने त्याने आपलं काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला मॅनेजरनेही हात लावायचा नाही. कुलपाला एक टॅग असतो, त्यावर त्या माणसाचा फोटो आणि खाली दोन वाक्यं – ‘मी आत आहे. चालू करू नका.’

सगळ्यांची कुलपं लाल, एकसारखी. सुधीरला त्याचं ओळखता यावं म्हणून मी एकदा त्यावर माझ्या मोरपंखी नेलपेंटचा ठिपका दिला होता. तो तिकडे म्हणे सगळ्यांना दाखवायचा – “बायकोचा शिक्का आहे.”

आता वैशालीबद्दल. वैशाली जवळच्या शेणवे गावची, आयटीआय झालेली, सुधीरच्या हाताखाली लागली तेव्हा पोरगेलीच होती. तिची स्कूटी किन्हवलीवरूनच जायची, त्यामुळे नाक्यावर भेटून दोघं आपापल्या गाडीवर सरळगावमार्गे मुरबाडला जायचे. रात्री जेवताना तिच्याच गोष्टी. वैशालीने आज मोटर एकटीने उतरवली. वैशालीने आज कॉन्ट्रॅक्टरला परमिटशिवाय शिडी चढू दिली नाही. मी म्हणायचे, “आमटीत मीठ आहे का तेवढं सांग, मग वैशालीचं पुढे चालू दे.” तो हसायचा. काही वावगं नव्हतं, मला ठाऊक होतं. पण दिवसभरातलं त्याचं जे काही चांगलं होतं ते तिने पाहिलेलं असायचं, माझ्या वाट्याला त्याची हकिगत यायची. ती त्याला ‘सर’ म्हणायची. ‘दादा’ म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

दहाव्याला काकस्पर्श लगेच झाला. घाटावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सुधीरच्या आत्या म्हणाल्या, “बघ गो, काय सुदिक मागं राहिला नाय त्याचा. समाधानात गेला.” मला मात्र ते लागलं. काहीच मागे राहिलं नाही? मी सुद्धा?

पंधरवड्याने कारखान्यातून त्याचं सामान आलं. हेल्मेट, बूट, गॉगल आणि ते कुलूप, टॅगसकट. किल्ली त्याच्या जुडग्यात घरीच होती, दुसरी किल्ली या कुलपांना ठेवतच नाहीत. त्याच सुमारास आत्या त्याचे कपडे वाटून टाकू म्हणत होत्या. मी त्याच्या कपाटाची कडी लावली आणि कोयंड्यात ते लाल कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली. टॅग बाहेर लटकत ठेवला. मी आत आहे. आत्यांनी वाचलं आणि पुन्हा विषय काढला नाही.

तेव्हापासून रोज वाचनालयात निघताना मी त्या कुलपाला हात लावायचे. भूतबित मानत नाही म्हणणारी मी, घरात वाट बघत बसायचे. एखादं भांडं पडावं, पंखा आपोआप सुरू व्हावा, काहीही. वाचनालयात बायका सांगायच्या, हिच्या स्वप्नात नवरा आला, तिला उदबत्तीचा वास आला. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटायचा. माझ्याकडे काही आलं नाही. घर आपलं घरासारखं गप्प.

मग पावसाळ्याआधी कारखान्यात शटडाऊन लागला – मशीनं थांबवून करायची वर्षाची दुरुस्ती. त्यातल्या एका दुपारी मी पुस्तकांना नंबर चिकटवत होते आणि फोन आला. तिथले सेफ्टी ऑफिसर होते, साळवी.

“मॅडम, सुधीरच्या कुलपाची किल्ली तुमच्याकडे आहे का?”

“आहे. पर्समध्ये. का?”

“जरा घेऊन याल का इकडे? गाडी पाठवतो. तोडता आलं असतं, पण वैशाली तोडू देत नाहीये.”

“काय तोडू देत नाहीये?”

“कुलूप, मॅडम.”

मी म्हटलं, “साळवीसाहेब, कुलूप माझ्या घरी आहे. कपाटाला. आज सकाळी मी हात लावून निघालेय.”

ते अगदी हळू म्हणाले, “मॅडम, ते माझ्यासमोर आहे. वर हिरवट-निळा ठिपका आहे.”

गाडी येईपर्यंत मी घरी जाऊन आले. दाराचं कुलूप मी लावलं होतं तसंच होतं. आत कपाटाची कडी काढलेली, दार बोटभर उघडं. कोयंड्यात काही नव्हतं. कपडे घडी करून ठेवले तसेच, काही हललेलं नाही. मी तिथे उभी राहिले. तुम्हाला वाटेल मी घाबरले असेन. मला राग आला होता. इतके महिने मी इथे बसून आहे, आणि तू गेलास तो तिकडे? माझ्या कपाटाचं कुलूप काढून? तिच्याकडे?

पूर्ण रस्ताभर माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

गेटवर वॉचमनने मला हेल्मेट आणि गॉगल दिला. हेल्मेट सारखं डोळ्यांवर येत होतं. सुधीर गेल्यावर मी प्रथमच तिथे जात होते – तशी तो असतानाही कधी आत गेले नव्हते. साळवींनी मला एका शेडमध्ये नेलं. तिथे ते मशीन होतं. खोलीएवढं आडवं पिंप, पोटाला माणूस जेमतेम शिरेल एवढं झाकण, आत पावडर घुसळायची पोलादी पाती. जरा लांब, भिंतीवर त्याचा स्विच. स्विचसमोर वैशाली पाठ लावून उभी, हात छातीशी घट्ट. डोळे सुजलेले.

“मॅडम,” ती म्हणाली, “मी कोणाला हात लावू दिला नाय.”

काय झालं ते तिनेच सांगितलं. पात्यांचं काम संपलं. आत गेलेले सगळे बाहेर आले, आपापलं कुलूप काढून जेवायला गेले. शेवटचं कुलूप वैशालीचं होतं. ते काढण्याआधी आत डोकावून बघायचं असतं. तिने बघितलं नाही.

“सगल्यांची कुलपा निघाली व्हती ना... मला वाटला झाला. मी माजा काढला, टॅग खिशात टाकला. ऑपरेटर बोलला, ताई, देऊ का चालू? मी बोलले, दे. तर तो बोलतो, कसा देऊ? एक कुलूप हाय अजून.”

तिने वळून पाहिलं, तर टॅगवर सुधीरचा फोटो.

“मग?”

“मग काय... सर एकच सांगायचे ना. कुलूप हाय म्हंजे माणूस आत हाय. कोणाचा, कसा, इचारायचा नाय. आत बघायचा.” तिने नाक पुसलं. “बॅटरी घेऊन पलाले. आत बारकूदादा.”

बारकूदादा बाकावर बसले होते. हातातला चहा गार झाला होता, तरी कप सोडत नव्हते. कॉन्ट्रॅक्टचा माणूस, मुरबाडच्या पुढल्या कुठल्याशा गावचा, सुधीर गेल्यानंतर कामाला लागलेला. बाहेर येऊन स्वतःचं कुलूप काढल्यावर त्यांना आठवलं की पाना आतच राहिला. दोन मिनिटांचं काम, म्हणून पुन्हा कुलूप न लावता तसेच आत शिरले. झाकणाशी उभं राहून लक्ष ठेवणारा माणूस तेवढ्यात पाणी प्यायला गेला होता.

“पाना माजा नव्हता ना बाय,” ते मला म्हणाले. “शेटचा व्हता. हरवला तं बोलला असता.”

“आणि जीव कोणाचा होता?” साळवी खेकसले.

“त्यो माजाच व्हता,” बारकूदादा म्हणाले. कुणी तरी हसलं.

त्यांनी स्विचकडे बोट केलं. “त्या फोटोतला साब कुटं भेटंल? ही पोर सांगं नाय त्यो कोण. मला त्याचं पाय धरायचं.”

त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. माझ्याकडे सगळे बघायला लागले. मी म्हटलं, “ते माझे मिस्टर. आज... नाहीत इथे.”

“मंग घरी आलं म्हंजे सांगा,” ते म्हणाले.

मी स्विचपाशी गेले. ठिपका माझाच होता, एका बाजूने जरासा उडालेला. किल्ली घातली. फिरली. कुलूप माझ्या हातात आलं तेव्हा ते कोमट होतं – उन्हाळ्यात शेडमधलं लोखंड कोमटच असणार, हेही लिहून ठेवते.

साळवींनी त्यांच्या परीने शोध घेतला. कुणी तरी घरातून नेलं असेल, तर दाराचं कुलूप कसं शाबूत? कपाटाचं कुलूप कशाने उघडलं, किल्ली तर माझ्या पर्समध्ये. तसं दुसरं कुलूप असेल, तर माझं कुठे गेलं? कॅमेऱ्यात शेडचा तो कोपरा येत नाही. ऑपरेटर शपथेवर सांगतो की सकाळी स्विचवर ते नव्हतं. माझ्या शेजारणी दुपारभर ओट्यावर पापड वाळवत होत्या, त्यांनी कुणाला येता-जाताना पाहिलं नाही.

निघताना वैशाली गेटपर्यंत आली. हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. मीच म्हटलं – आवाज मला हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला – “तुझ्यासाठी आला होता तो.”

तिने नकारार्थी मान हलवली. “मी तर बाहेर व्हते, वहिनी. आत बारकूदादा व्हता. सरांनी त्याला कधी बघितला पन नाय.”

वहिनी. त्या दिवसापर्यंत ती मला मॅडमच म्हणत आलेली.

“मला सुदिक पहिला तसाच वाटला, माज्यासाठी आले,” ती म्हणाली. “मी रोज त्यांच्या टेबलाशी बसते. त्यांचीच पक्कड वापरते. एक दिवस सुदिक काय नाय झाला. एवढा राग येतो ना कधी कधी...” ती माझ्या हातातल्या कुलपाकडे बघत होती. “हा तुमच्या कपाटाला व्हता ना?”

“हो.”

“म्हंजे पहिले ते घरी आले. तुमच्याकडं. मंग इकडं.” तिचा चेहरा असा झाला की मला तो लगेच ओळखता आला. इतके महिने आरशात तोच बघत होते. “तुमचा बरा हाय, वहिनी.”

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. आमच्या दोघींच्या मध्ये हेल्मेटं होती, आणि मला तशी सवय नाही.

परतताना गाडीत मी हिशेब लावत बसले. ती म्हणते तसं असेल, तर तो दुपारी घरी आला. दार न उघडता आत आला, कपाटापाशी उभा राहिला, आपल्या शर्टांकडे बघितलं असेल किंवा नसेल, आणि ज्याला कधी भेटला नाही अशा माणसासाठी कुलूप घेऊन गेला. आणि मी त्या वेळी वाचनालयात, किल्ली पर्समध्ये घालून, नंबर चिकटवत बसले होते. जरा थांबला असता तर...

कुलूप तिकडे कसं गेलं, हे तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा. मात्र ‘पुण्यात्मा’ वगैरे लिहू नका, कारण तो दर रविवारी भाजी आणायला कटकट करणारा माणूस होता.

कारखान्यात आता गेटजवळ एक काचेची पेटी केली आहे. त्यात ते कुलूप ठेवायचं त्यांच्या मनात आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना धडा म्हणून. वैशाली दोनदा विचारून गेली. दुसऱ्यांदा पेढे घेऊन आली. मी चहा केला, पेढा खाल्ला आणि नाही म्हटलं.

कुलूप मी पुन्हा त्याच्या कपाटाला लावलंय, टॅग बाहेर. तिकडे कुणाचा जीव धोक्यात यावा असं माझ्या मनातही नाही, देवाशपथ. वैशाली आता आत डोकावल्याशिवाय आपलं कुलूप काढत नाही, ते बरंच आहे. पण तरीही कधी त्याला ते लागलंच, तर ते गेटजवळच्या काचेत नसावं. त्याला ते न्यायला आधी घरी यावं लागलं पाहिजे.

पुढच्या शटडाऊनला मी रजा टाकणार आहे, घरीच थांबायला.